बबिताची दुरडी

बुधवार, ९ ऑगस्ट २००६

डोक्सं फुटाची पाळी आली आज! शटर अर्धं वर नाई झालं त उकंडाबाबा पायरीवर हजर. हातात कागदाची पुडी. "मोनाली, हे पाह्य." जूनपासून हेच चालू आहे. म्हाताऱ्यानं कपाशीचं बी आमच्या कृषी केंद्रातून नेलतं. अर्ध्या वावरात उगवलं, अर्ध्यात नाई. दुबार पेरणी करून झाली, कपाशी गुडघ्याले आली, तरी हा पुडी घेऊन येतेच. पैसे मागत नाई, भांडत नाई. एकच म्हणणं — तक्रार वहीत लिहा. मालक म्हणते, लिहायची नाई. अन् हे सांगाचं कोणी? मी!

मालकानं शिकवलेलं पहिलं वाक्य: "उकरून पाह्यलं का?" दुसरं वाक्य: "बी चांगलंच होतं, तुमचंच पाणी कमी-जास्त झालं असन." दोन महिने झाले, रोज दहा लोकायले हेच सांगून राह्यली. झोपेत बी बडबडत असन, आईले विचारलं पाह्यजे.

पण उकंडाबाबा उकरून आणते ना! तिथंच त सगळं घोडं अडते. पुडीतला दाणा काढते, नखानं फोडते, माह्या नाकासमोर धरते. "बी बोलत नाई पोरी, पण फोडलं की सगळं सांगते. फुगून सडलं असन त पाण्याचा दोष. आत असं काळं कोरडं असन त मेलेलंच आलतं." मी म्हटलं, "बाबा, गिऱ्हाईक हाय, सरका." गिऱ्हाईक कुठलं! एक कुत्रं होतं दारात.

दुपारी बबिता आली. तिले पाह्यलं की बरं वाटते मले नेहमी, आज नाई वाटलं. चेहरा उतरलेला. अकरावी-बारावी एका बाकावर काढली आम्ही, तिचा चेहरा मले पाठ आहे. मी पुढं बी.ए. करून या दुकानात बी विकाले बसली, ती बारावीपासून त्यायच्या बंजारा तांड्यावर घरीच.

"आज तीज बसते आमची. गहू दे मूठभर."

मागच्या हिवाळ्यातली बियाण्याच्या गव्हाची एक फुटकी थैली मागं पडलीच होती. मालक जेवाले गेलता. ओंजळभर तिले काढून दिले. लग्न न झालेल्या पोट्ट्या दुरडीत वारुळाची माती घालतात, गहू पेरतात, तीन वेळा पाणी घालतात, गाणे म्हणतात — मी बारावीत असताना पाह्यलतं एकदा. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात शिरवतात. तिनं पिशवीतून एक रिकामी दुरडी काढली अन् काउंटरवर ठेवली. "माही शेवटली तीज हाय ही. तू बी पेर घरी."

शेवटली! मंग सांगितलं बाईनं. नेरकडचं स्थळ आहे. पोरगा तिथं कचेरीत शिपाई — पर्मनंट! त्याची माय रुपीबाई पंधरा तारखेले येणार, सुटी आहे म्हणून पोरालेही घेऊन. पण तिची अट आहे: आधी पोरीची तीज पाहीन, मंग गोळ. गोळ म्हणजे त्यायच्यात साखरपुडाच. तीज हिरवीगार असली त तिथंच तोंड गोड. नसली त राम राम. तिच्या मोठ्या सुनेची तीज पिवळी आलती म्हणे, अन् त्या सालापासून त्यायचं वावर काही पिकलं नाई. वावर कोणाचं पिकलं इथं? त्या सुनेनं का साऱ्या जिल्ह्याची कपाशी खाल्ली?

मी म्हटलं, "नशीब काढलं व तू! सरकारी नोकरी!" ती म्हणे, "हाव." मंग विचारते, "यवतमाळचं पत्र आलं का?" तिचे पत्र दुकानाच्या पत्त्यावर येतात, तांड्यावर पोस्टमन सगळे कागद नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या पुढाऱ्याच्या, ओट्यावर टाकून जाते. नर्सिंगचा फॉर्म जूनमध्ये मीच भरून दिलता तिचा. मी म्हटलं, "नाई आलं. अन् आता कायले पाह्यजे? लग्न करून राह्यली ना तू!"

पाहतच राह्यली माह्याकडे. मंग गेली. जाता जाता 'येतो' बी म्हटलं नाई. एवढी कायची मिजास? लग्न तिचं, तोंड माह्यावर वाकडं!

गुरुवार, १० ऑगस्ट

रात्रभर भिजवलेले गहू सकाळी दुरडीत पेरले. आई अंगणवाडीत जाले निघालती, थांबली. "हे काय सुरू केलं?" म्हटलं, बबिताची तीज. झालं! "पन्नास वर्षं झाली आपण शकुन-अपशकुन सोडून. ऑक्टोबरात नागपूरले जाऊन राह्यलो आपण दीक्षेच्या सोन्याच्या वर्षाले, अन् माही, या सत्यशीलाबाईची, पोरगी घरात दुरडी पुजून राह्यली!" म्हटलं, पुजत नाई आई, पाणी घालून राह्यली. गंमत आहे. "गंमतच असू दे," म्हणे. विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे, त्यापायी तिचा आवाज आधीच चढलेला असते.

दुरडी चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवली. तिथं ऊब राह्यते.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

टीव्हीवाले आलते. गाडी, कॅमेरा, छत्री धरणारा वेगळा माणूस. कापसाची बातमी कराची होती. मालक मागच्या खोलीत जाऊन बसला अन् मले म्हणे, "सांग, मालक बाहेरगावी आहे." म्हणजे खोटं बोलाचं बी मीच. पगार तेवढाच, काम डबल!

पायरीवर उकंडाबाबा सापडला त्यायले. कॅमेरावाला म्हणे, "बाबा, जरा खाली बसा, डोक्याले हात लावा." म्हातारा म्हणते, "काहून? डोक्स्याले काय झालं माह्या?" तो म्हणे, तसं चांगलं दिसते. म्हातारा म्हणे, "तुले चांगलं दिसाले मी कायले बसू बापा? हे बी पाह्य. हे दाखव." पुडी उघडून दाणे फोडाले लागला. त्यायले दाणे नको होते. वर आभाळाचा फोटो घेतला अन् गेले निघून.

मले हसू बी आलं अन् राग बी आला. मंग म्हातारा माह्याकडे वळून म्हणे, "मोनाली, लिहितं का आज?" नाई म्हटलं. दहावीत माह्या फीच्या वेळी हाच माणूस माह्या बाबाच्या संगं शाळेत आलता, हेडमास्तरापुढं. बाबा गेले त्या दिवशी आईच्या बाजूले बसून राह्यला होता सकाळपासून. अन् मी त्याले म्हणते, सरका.

कशाची नोकरी ही! थुत!

शनिवार, १२ ऑगस्ट

उगवले! पांढरे टोकं निघाले मातीतून, उंदराच्या दातावाणी. आईच आधी पाह्याले गेलती — मी झोपेत आहे असं समजून!

रविवार, १३ ऑगस्ट

संघर्षची सायकल हिसकून तांड्यावर गेली. माह्या भावाले सायकल मागितली की जसं काही किडनी मागितली.

नायक हिरासिंगच्या अंगणात मांडव आहे, त्याखाली पोट्ट्यायच्या अकरा दुरड्या. सगळ्या पळसाच्या पानायनं झाकलेल्या. कोणती कोणाची ते लोकरीच्या धाग्यावरून कळते. बबिताचा लाल धागा. पोट्ट्या पाणी घालून नुकत्याच गेलत्या, बबिता बोअरवर होती. मी आपली सहज गेली अन् लाल धाग्याच्या दुरडीवरचं पान उचललं.

काहीच नाई! ओली काळी माती. एक बी कोंब नाई. बाजूच्या दुरडीच्या पानायतून त हिरवे टोकं बाहेर डोकावून राह्यलते.

मागून हात आला अन् पान परत ठेवलं. बबिता. "दुसरीची उघडत नसते, मोनाली. आमच्यात चालत नाई."

"अव पण उगवलं नाई! एक दाणा नाई!"

"हळू बोल. कोणाले माहीत नाई."

"अन् मंगळवारी सगळ्यायसमोर पान काढशील तवा?"

"तवाच्या तवा पाहू."

तवाच्या तवा! माह्या पायाखालची जमीन सरकली अन् ही पोट्टी बादली उचलून चालाले लागली! शांत. एवढी शांत की दोन लावाव्या वाटल्या.

घरी हंसाबाईनं — तिच्या याडीनं, म्हणजे आईनं — चहा दिला. घर सारवून राह्यली होती पाहुण्यायसाठी, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तिचे बाप, देवीलालकाका, शाळेतल्या खुर्च्या मागाले गेलते. हंसाबाई मले म्हणे, "तू पाह्यली का इची तीज? ही पाहू देत नाई मले. मांडवात जाऊ देत नाई. कशी हाय?" काय सांगू? म्हटलं, "चांगली असन मावशी." उचलली जीभ लावली टाळ्याले! मंग ती बोलत बसली. तीज खराब निघाली की त्या सालात पोरीले कोणी विचारत नाई. तिच्या बहिणीचं तसंच झालतं. अख्खं वर्ष एक पाहुणा आला नाई दारात. "वर्षभर बसा मंग घरी," म्हणे, अन् डोळे पुसाले गेली त गालाले शेण लागलं.

वर्षभर! गहू कोणी दिले? मी. कोणत्या थैलीतले? फुटक्या, जुन्या, मेलेल्या.

सायकलवर येताना रडली मी. रागानं. कोणाचा राग ते नाई माहीत.

सोमवार, १४ ऑगस्ट

आधी मागं जाऊन थैली उपसली. मले समजतच नाई! माह्या घरच्या दुरडीतले गहू बी याच थैलीतले, अन् ते तीन बोटं वर आले. म्हणजे वरचे चांगले, खालचे खराब? एका थैलीतलं अर्धं जिवंत, अर्धं मेलेलं? हेच त म्हातारा जूनपासून कोकलून राह्यला!

मालकाले म्हटलं, "ही गव्हाची थैली खराब होती का?" तो म्हणे, "कोणती थैली? तू हात लावला का तिले?" मंग मले बी चढला. म्हटलं, "आपण लोकायले मेलेलं बी विकून राह्यलो अन् वरून त्यायलेच विचारून राह्यलो उकरून पाह्यलं का!" म्हणे, "आवाज खाली." म्हटलं, "खालीच आहे, हा माहा खालचाच आवाज हाय!" दोन गिऱ्हाईकं दारातूनच परत गेले.

मालक बँकेत गेल्यावर तक्रार वही काढली. कोरी करकरीत, एक पान भरलेलं नाई. उकंडाबाबाले पायरीवरून आत बोलावलं, खुर्ची दिली, अन् लिहिली तक्रार. गाव, तारीख, वाण, किती थैल्या, किती वावर. म्हाताऱ्यानं सही केली. त्याच्या एका सहीले पाच मिनिटं लागले. मंग म्हणे, "आता नाई आलं काही तरी चालते. लिहून झालं." पुडी तिथंच ठेवून गेला. एवढंच पाह्यजे होतं त्याले! दोन महिने!

डाकेत यवतमाळचा लिफाफा आला. बबिता साखर-सुपारी न्याले गावात आलती, तिले दिला. तिथंच उभ्यानं फोडला, वाचला, घडी घालून पिशवीत तळाशी ठेवला. "काय लिहिलं व?" "काही नाई." मले त्याचं काही पडलं नव्हतंच. मी माह्याच नादात. म्हटलं, "बबिता, माह्यामुळे झालं हे. बी खराब होतं, मी दिलं."

"तुह्यामुळे नाई झालं."

"मोठेपणा नको दाखवू."

तिनं माहा हात धरला. घट्ट. "मोनाली, एक ऐकशील? जसं हाय तसं राहू दे. तू काही करू नको. काहीच नको करू."

ती कशी बोलत होती ते आता डोळ्यापुढं येते. जिवावर बेतल्यावाणी. माह्या मैत्रिणीनं माह्या चुकीपायी वर्षभर तांड्याचे टोमणे ऐकाचे, अन् वरून मलेच धीर द्याचा! आपण शकुन मानत नाई हे खरं. पण रुपीबाई मानते ना! तिच्या मानण्यावर बबिताचं आयुष्य टांगलं आहे.

घरी येऊन दुरडी पाह्यली. चार बोटं. दाट. हिरवीगार. आई मागून म्हणे, "आपण मानत नाई, मंग तू काहून नाचून राह्यली या दुरडीपायी?" लाल लोकर शोधली ट्रंकात.

मंगळवार, १५ ऑगस्ट

झालं! केलं!

पहाटेच निघाली. दुरडी कीटकनाशकाच्या खोक्यात ठेवली, वरून ओढणी, खोकं कॅरिअरले बांधलं. रस्त्यात एकानं विचारलं, "काय व, सुटीच्या दिवशी बी औषध पोचवून राह्यली का?" म्हटलं, हाव काका, अळी पडली आहे!

मले माहीत होतं, झेंड्याच्या वेळी तांड्यात चिटपाखरू राह्यत नाई. शाळा टेकडीच्या खाली, अन् झेंडा नायक चढवते, म्हणून म्हातारेकोतारे बी जातात. पाहुणे बी आलते, त्यायलेही मानानं तिकडेच नेलं. मी नायकाच्या अंगणात पोचली तवा खालून पोरायचा आवाज येऊन राह्यला होता, राष्ट्रगीत चालू झालतं. तशीच उभी राह्यली मी, खोकं छातीशी धरून, सावधान! सवय आहे, काय करू? संपलं तशी मांडवात शिरली. लाल धाग्याची दुरडी काढली, माही ठेवली, पानं झाकली, तिची खोक्यात टाकली. खोकं बाभळीमागं लपवलं. छाती अशी धडधडून राह्यली होती की वाटे झेंड्यापर्यंत ऐकू जाईन.

मंग सगळे आले, पोरं बुंदी खात, खुर्च्या लागल्या. रुपीबाई खुर्चीवर नाई बसली, सरळ मांडवात. जाड बाई, डोळे मोजणीदारावाणी. पोरगा चांगला आहे दिसाले, पण आईच्या तोंडाकडे पाहूनच हसते. पोट्ट्यायनं एकेक पान काढलं. कोणाची दोन बोटं, कोणाची तीन. बबिता शेवटले. तिचे हात नेटके चालून राह्यले होते, चेहरा शांत. देवीलालकाका टोपी मुठीत चुरगळून राह्यलते.

बबितानं पान काढलं.

अकरा दुरड्यायत सगळ्यात उंच! सगळ्यात दाट! पोट्ट्या ओरडल्याच. हंसाबाईनं तोंडाले पदर लावला. अन् बबिता — पान हातात तसंच धरून उभी. रंग उडाला तिचा. तिनं दुरडीकडे पाह्यलं, मंग सगळ्यायच्या डोक्यावरून मले शोधलं. मी डोळा मारला. ती खाली बसली अन् रडाले लागली. हुंदके देऊन देऊन. रुपीबाईनं तिले पोटाशी धरलं, "लक्षुमी हाय, लक्षुमी!" म्हणे. मी बी रडली. सगळ्याच रडल्या. तिथंच गोळ वाटला. नायकानं तारीख बी बोलून टाकली, दिवाळी झाल्यावरची. देवीलालकाकानं माह्या हातावर गुळाचा खडा ठेवला अन् म्हणे, "तुह्या गव्हाची किमया हाय पोरी."

माह्या गव्हाची! त्यायले काय माहीत!

बबिताशी बोलाले भेटलं नाई. पाहुण्यायत वेढलेली होती. खोकं कॅरिअरले बांधून आली. आता झोपते. आज पहिल्यांदा या आठवड्यात डोक्सं दुखत नाई.

बुधवार, १६ ऑगस्ट

मालकानं वहीचं पान फाडलं. उकंडाबाबाचं. माह्यासमोर, चार तुकडे. मी तुकडे कचऱ्यातून काढून पुडीसंगं ठेवले. उद्या डिंकानं चिकटवते. नोकरी गेली त गेली!

गुरुवार, १७ ऑगस्ट

आज तीज शिरवली असन त्यायनं. मले बोलावणं नाई. एवढं करून! माह्या दुरडीची वरात, अन् मीच नाई. आई म्हणे, "त्यायचा सण हाय, तुले कायले बोलावतीन?" बोलावलं पाह्यजे होतं. निदान निरोप. निदान 'येतं का' एवढं तरी. नाई म्हणजे नाई! ज्याचं करावं भलं, तो म्हणते माह्यंच खरं.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

बबिता दुकानात आली. कोणी नव्हतं. मले वाटलं, आता गळ्यात पडते.

"दुरडी तूच बदलली ना?"

"मंग! दुसरं कोण करन तुह्यासाठी?" हसून म्हटलं मी. हसून!

"तव्यावर भाजलते व मी ते गहू. याडी वावरात गेलती तवा. चांगले लाल होईपर्यंत भाजले अन् मंग पेरले." आवाज चढवला नाई तिनं. "एक वर्ष पाह्यजे होतं मले. वर्षभर कोणी विचारलं नसतं. तेवढ्यात मी यवतमाळले गेली असती. लोकं अपशकुनी म्हणतीन त म्हणू दे, म्हटलं."

लिफाफा काउंटरवर ठेवला. जागा भेटली आहे नर्सिंगची. पंचवीस तारखेच्या आत हजर व्हा, लिहिलं आहे.

"मले सांगितलं असतं त!" मी म्हटलं.

"तीज बसली त्या बुधवारी सांगालेच आलती. तू म्हणे, नशीब काढलं."

गेली. लिफाफा तिथंच.

घरी येऊन न्हाणीमागची तिची दुरडी काढली. तीन दिवसांपासून तिथंच पडली आहे. बोटानं माती उकरली, एक दाणा काढला, नखानं फोडला. आतून तांबडा. भाजलेला.

उकरून पाह्यलं का? रोज दहा लोकायले विचारते मी.